फक्कीची रेघ

माझी आणि भालेरावांची ओळख झाली तेव्हा माझी सायकल झाडावर होती.

ती झाडावर कशी गेली हे सांगण्याआधी खाली कुठं होती ते सांगायला हवं. साखर कारखान्यात मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यात साखर कारखान्याचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याचा कुणीतरी मेव्हणा तिथं निघतो आणि गोष्ट राहते बाजूला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हंगाम होता तो. पहिल्याच दिवशी मला गाडीतळावर टोकनं वाटायला पाठवलं. गाडीतळ म्हणजे उसानं भरलेल्या बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर आपला नंबर येईपर्यंत जिथं उभे राहतात ते मैदान. पाहतो तर मैदानभर गाड्याच गाड्या, आणि मधून एक लांबलचक पट्टी मात्र अगदी मोकळी. दोन्ही अंगांना फक्कीची पांढरीशुभ्र रेघ. मला वाटलं, नोकरमाणसांच्या सायकलींची काय सुरेख सोय केलीय. सायकल दोन रेघांच्या बरोबर मधे लावली, कुलूप घातलं आणि चहाला गेलो.

परत आलो तर लिंबाखाली घोळका जमलेला. सगळे माना वर करून हसत होते. वरच्या फांदीला कासऱ्यानं एक सायकल टांगली होती आणि तिचं पुढचं चाक वाऱ्यानं हळूहळू फिरत होतं. मीही हसलो. नवीन माणसानं हसण्यात मागं राहू नये. शेजारी खाकी हाफपँटीतला एक उंच, वाळका गृहस्थ उभा होता. तो एकटाच हसत नव्हता. त्याला मी सलगीनं विचारलं, "कुणा गाढवाची आहे हो?"

"तेच शोधतोय," तो म्हणाला.

तेवढ्यात सायकल वाऱ्यानं वळली आणि सीटवरचं कव्हर दिसलं. निळ्या लोकरीचं, वर पिवळा मोर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हिनं विणलेला. मानेपाशी टाके चुकल्यामुळं त्या मोराला दोन चोची होत्या, त्यामुळं दुसऱ्या कुणाची सायकल असेल अशी आशा धरायलाही जागा नव्हती.

"माझी आहे," मी म्हणालो.

"मग सापडलं गाढव," तो गृहस्थ म्हणाला. "कुठं लावली होतीस?"

"तिथं. तिथं काहीच नव्हतं म्हणून..."

"काहीच नव्हतं?" त्यानं माझं मनगट धरून मला रेघेपाशी नेलं. "नीट बघ. तिथं वाट आहे. मोकळी दिसते म्हणून रिकामी नसते ती."

हे भालेराव. कारखान्याचे बांधकाम ओव्हरसीअर आणि गाडीतळाचे, नेमणुकीनं म्हणा की स्वभावानं म्हणा, सर्वाधिकारी. गाडीवाले त्यांना फक्कीसायेब म्हणत. फक्कीचं घमेलं हातात धरून ते रोज सकाळी स्वतः रेघा ओढत. शिपाई दिमतीला होते, पण शिपायानं ओढलेली रेघ वाकडी जाते असं त्यांचं म्हणणं, आणि वाकडी रेघ पाहिली की त्यांच्या कपाळाची शीर उठे. शीर उठायला तसं काहीही पुरे. हॉर्न वाजला, बैल ओल्यात बसला, एखादा ट्रकवाला गाड्यांच्या ओळीत घुसला, कुणी दोन ओळींमध्ये चूल मांडली. मी त्यांच्या हाताखाली काढलेल्या दिवसांत त्यांना शांत असं फार थोड्या वेळा पाहिलं, आणि जेव्हा पाहिलं तेव्हा भीती वाटली.

त्यांच्या रागाची एक तऱ्हा होती. साधा राग असला की ते अरेतुरे करत, शिवी हासडत, पाठीत गुद्दा घालत. खरा राग आला की अहोजाहो सुरू व्हायचं. "आपण जरा हा ट्रक मागं घेता का?" असं भालेराव म्हणाले की क्लीनरसुद्धा खाली उतरून पळायचा.

मूळचे ते आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडचे. भंडारदऱ्याच्या बाजूला घाटरस्त्यांच्या कामांवर उमेदवारीत त्यांची सुरुवातीची वर्षं गेली होती. दरीत गेलेल्या गाड्या त्यांनी दोरानं वर काढल्या होत्या, गाड्यांतली माणसंही. त्याबद्दल ते बोलत नसत. एकदा मी विचारलं, "तुम्हाला एवढा राग येतो कशाचा?" तर म्हणाले, "डोळे आहेत ना मला."

तो गाडीतळ त्यांनीच आखला होता. त्यांच्या आधी म्हणे गाड्या वाटेल तशा उभ्या राहत, आणि दर हंगामाला एखादा पाय, एखादा हात, एखादं पोर ठरलेलं असे. त्याला 'नशीब' असा शब्द होता. भालेरावांनी तो शब्द गाडीतळावर बंद केला. पूर्वेच्या फाटकानं गाडी आत येणार. तिरप्या ओळीत उभी राहणार, म्हणजे नंबर लागला की बैलानं फक्त पुढं पाऊल टाकायचं. गव्हाणीपाशी, म्हणजे जिथं ऊस यंत्राच्या पट्ट्यावर टाकतात तिथं, रिकामी होणार. आणि त्या मोकळ्या पट्टीवरून पश्चिमेच्या फाटकानं नगर रस्त्याला लागणार. आत येणाराला बाहेर जाणारा कधी समोर भेटायचा नाही. कुणालाही, कधीही, मागं सरायला लागायचं नाही.

"बैलाला रिव्हर्स गिअर नसतो," ते म्हणत. "भरल्या गाडीचे बैल मागं सारायला लागलात की गाडी तुमची राहत नाही, उताराची होते. आणि उताराला मागं कोण उभं आहे ते दिसत नाही."

जमिनीला उतार त्यांनीच दिलेला होता, पाणी निघून जायला. मुरूम आणि बॉयलरची राख थापून तळ केला होता आणि भालेराव कुठंही बादली ओतून पाणी कुठं पळतं ते बघत बसत. ट्रक-ट्रॅक्टर चराच्या पलीकडं. गाडीवाल्यांच्या चुलींना एक उंच बांध. आणि गाडीखाली झोपायची सक्त मनाई. उन्हाची सावली म्हणून माणसं गाडीखालीच आडवी होत. भालेराव काठी घेऊन वाकून वाकून हिंडत आणि ढोसत. "ऊठ. मरायचं तर घरी जाऊन मर, माझ्या तळावर नाही."

गाडीवाल्यांत पाथर्डीकडची सरूबाई म्हणून एक होती. नवऱ्याबरोबर ऊस तोडायची, गाडी हाकायची, आणि भालेरावांना उलट बोलणारी तळावर ती एकटीच. ती गाडीखालूनच म्हणायची, "सायेब, काठी हळू घाला की. आमचा सासराबी इतकं ढोसत न्हवता."

"सासरा मेला का?"

"व्हय, कवाच."

"गाडीखाली झोपत असेल."

सगळा तळ हसायचा. सरूबाई हसत हसत बाहेर यायची आणि जाता जाता म्हणायची, "ह्या मानसाची मालकीन लई सोशीक असंल बाई."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय भालेराव कळत नाहीत. त्यांच्या घरी बुद्धाची तसबीर होती. सगळ्या कारखान्याला ते ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे, म्हणजे पाठीमागं सगळे बोलत. कारखान्याच्या कँटीनमध्ये कपांची उतरंड होती. भालेरावांपुढं एक दिवस कान तुटलेला कप आला. दुसऱ्या दिवशी तोच कप. तिसऱ्या दिवशीही तोच, फळीवरून वेगळा काढलेला. ज्या माणसाला रेघेवर आलेलं चाक सहन होत नसे, तो त्या कपाकडं बघत गप्प राहिला. शिवी नाही, अहोजाहो नाही. चहा तसाच ठेवून उठला. त्यानंतर ते घरून डबा आणि स्वतःचा कप आणू लागले. जेवायचे तळावर, लिंबाखाली, उभ्यानं, गाड्यांकडं तोंड करून. आम्ही "साहेबांना तळाची फार काळजी" असं म्हणायचो. माणसाला सोयीचं तेवढंच दिसतं. साहेब उभ्यानं का जेवतात, हे विचारायला आमच्या तोंडात चहा होता.

चेअरमनसाहेबांच्या जिपेचा किस्सा त्याच हंगामातला. चेअरमनना सगळे आप्पासाहेब म्हणत. गोड माणूस. इतका गोड की कारखान्याला साखर कमी पडली तरी चालावं. एक दिवस आप्पासाहेब जिपेनं आले, ड्रायव्हरनं जीप मोकळ्या पट्टीवर लावली आणि दोघे ऑफिसात गेले. माझ्या सायकलीची आठवण होऊन मी लिंबाकडं पाहिलं. फांदी जिपेला पुरणार नव्हती.

भालेराव जिपेपाशी गेले, एक फेरी मारली, आणि गव्हाणीपाशी येऊन म्हणाले, "गाड्या थांबवा."

"कुठल्या?"

"सगळ्या."

एकही गाडी हलली नाही. रिकाम्या गाड्या जागच्या जागी, भरलेल्या ओळीत. यंत्राच्या पट्ट्यावरचा ऊस संपत आला, संपला, आणि मग कारखान्याचा तो सततचा घरघराट उतरत उतरत गप्प झाला. हंगामात कारखाना बंद पडला की कानात दडे बसल्यासारखं होतं. चीफ केमिस्ट पळत आले, शेतकी अधिकारी पळत आले, शेवटी आप्पासाहेब स्वतः आले.

"काय झालं भालेराव? यंत्र बिघडलं का?"

"नाही साहेब. आपल्या जिपेचं काम उरकायची वाट बघतोय. वाटेत उभी आहे."

"अहो, मग निरोप धाडायचा."

"आपल्याला निरोप धाडायची माझी पायरी नाही."

आप्पासाहेब मोठ्यांदा हसले, भालेरावांच्या खांद्यावर थोपटलं, सर्वांदेखत म्हणाले, "असा माणूस पाहिजे." जीप निघाली, कारखाना सुरू झाला. मी खूश. भालेरावांना म्हणालो, "बघा, मोठ्या मनाचा माणूस आहे."

"खांद्यावर थोपटलं ना त्यानं," भालेराव म्हणाले, "हात कुठं पुसला ते पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं.

पुढं दुष्काळ आला. ऊस उभा वाळला, हंगाम आटोपता घेतला, सरूबाईसारखी माणसं खडी फोडायला गेली. गाडीतळावर कुत्री झोपू लागली. भालेराव तरीही रोज रेघ ओढत. आणि याच कोरड्या दिवसांत संचालक मंडळाला कारंजं सुचलं.

मी थट्टा करत नाही. बायका डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालत होत्या आणि आमच्या मंडळानं ठराव केला की पुढच्या हंगामाच्या शुभारंभाला मोठे पाहुणे येणार, ते नगरकडून येणार, तर पश्चिमेच्या फाटकात शिरताच त्यांना कारखान्याची भरभराट दिसली पाहिजे. म्हणून गोल हौद, मधे सिमेंटचे तीन बगळे, बगळ्यांच्या चोचीतून पाणी. जागा कोणती, तर मोकळ्या पट्टीचं तोंड. "नाहीतरी तिथं काही नाही," असं त्या ठरावात होतं. हे वाक्य मी ओळखीचं म्हणून ऐकलं आणि माझे कान गरम झाले.

भालेराव बोलावल्याशिवाय बैठकीत शिरले. मी चहाच्या निमित्तानं दारात होतो.

"गाड्या बाहेर कुठून जाणार?" त्यांनी विचारलं.

"बाजूनं जातील की. एक गाडी जाईल इतकी जागा ठेवलीय," आप्पासाहेब म्हणाले.

"जाणार नाहीत. पहाटेपासून जुंपलेला बैल असतो. गव्हाणीपासून सुटला की त्याला एकच गोष्ट पाहिजे, पाणी. तुम्ही त्याच्या वाटेच्या तोंडावर पाणी मांडताय. पहिली जोडी तिथं थांबली की मागची थांबली, आणि मागच्यांच्या मागं भरलेल्या. मग मागं सारा. मग मरा."

"जनावर पाणी प्यालं तर पुण्यच लागंल," एक संचालक म्हणाले. हशा झाला.

"ठीक आहे," भालेराव म्हणाले. "आपण सर्वांनी आपापली खुर्ची डोक्यावर घ्यावी आणि या एका दारानं बाहेर जावं. त्याच वेळी हा बोरुडे आणि शिपाई चहाचे ट्रे घेऊन आत येतील. कुणीही बोलायचं नाही, कारण बैल बोलत नाहीत. काय होतं ते बघू, आणि मग बगळे बसवू."

अहोजाहो. बोरुडे म्हणजे मी, मी ट्रे घट्ट धरला. कुणी उठलं नाही. आप्पासाहेब हसतच होते. "भालेराव, बैलाचं तुम्हाला कळतं, खुर्चीचं आम्हाला. आपापलं बघू या."

हौद झाला. बगळे झाले. आणि भालेराव गप्प झाले. ते घमेलं घेऊन पट्टीवर रेघ ओढत जात, हौदाच्या कठड्यापाशी रेघ अडली की क्षणभर थांबत, आणि कठड्यावरूनच रेघ पुढं नेत. पांढऱ्या रेघेनं कापलेला तो हौद मला अजून दिसतो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कुणीतरी ती धुवून काढली.

शुभारंभाच्या दिवशी मांडव, सनई, फेटे. टँकरनं पाणी आणून बगळे सुरू केले होते. मान म्हणून पहिल्या गाडीच्या बैलांना झुली घातल्या होत्या, शिंगांना गोंडे. पाहुण्यांनी पहिली मोळी टाकली, टाळ्या झाल्या, गव्हाण सुरू झाली. मानाची जोडी रिकामी झाली आणि पट्टीवरून निघाली. हौदापाशी आली आणि झुलींसकट तोंडं पाण्यात घालून उभी राहिली. फोटोवाल्यानं फोटोही काढला, इतकं ते छान दिसत होतं.

दुसरी जोडी तिच्या बाजूला घुसली. तिसरी आडवी झाली. चाबूक, हाकारे, शिव्या, काही उपयोग नाही. तहानलेल्या बैलाला ठराव वाचून दाखवता येत नाही. मागं गव्हाणीपर्यंत गाडीला गाडी भिडली. पूर्वेच्या फाटकावरच्या माणसाला काय कल्पना, तो आत सोडतच होता. भालेराव ओरडत फाटकाकडं धावले, आणि नेमका त्याच वेळी पाहुण्यांच्या सन्मानार्थ कारखान्याचा भोंगा झाला. चांगला लांब.

नवे बैल बुजले. गव्हाणीजवळच्या दोन भरल्या गाड्या मागं रेटल्या गेल्या. त्यातली एक सरूबाईची. नवरा बैलांना धरून पुढं, आणि ही चाकाला दगड लावायला मागं, तिची गाडी आणि मागच्या गाडीचं जू यांच्यामधे. गाडी उताराची झाली होती. भालेराव फाटकाच्या अर्ध्या वाटेतून मागं वळले. मी बघत होतो. माझ्या हातात टोकनांची पेटी होती आणि ती खाली ठेवावी एवढंही मला सुचलं नाही.

पुढचं सरूबाईच्या तोंडचं सांगतो, कारण ती पुढं कैक दिवस येईल त्याला तेच सांगत होती. "सायबानी मागून येऊन माजा अंबाडा धरला आन् वढलं. जल्मात कुन्या बाप्यानं माज्या अंबाड्याला हात लावला न्हवता. मी शिवी हासडली. मंग वळून पाह्यलं त मी बाहीर हाय, आन् सायेबाचा हात चाकाखाली."

डावा हात. कोपरापासून चुरा झाला. तशा अवस्थेत ते ओरडत होते, पण स्वतःसाठी नाही. "फाटक बंद करा. आधी फाटक बंद करा."

पाहुणे तोवर जेवायला बसले होते. मांडवात "किरकोळ अपघात" असा शब्द फिरला. मी मांडवात निरोप द्यायला गेलो तर आप्पासाहेब पाहुण्यांना बासुंदीचा आग्रह करत होते. त्यांनी मला नजरेनंच "नंतर" म्हटलं. भालेरावांना उसाच्या ट्रकमधून नगरला नेलं, कारण जिपा पाहुण्यांच्या दिमतीला होत्या. आणि संध्याकाळच्या आत भालेरावांना कामावरून दूर केल्याचा हुकूमही तयार झाला. गाडीतळाची जबाबदारी कुणाची? भालेरावांची. अपघात कुठं झाला? गाडीतळावर. हिशेब सरळ होता. आता तिथं वाट नव्हती, बगळे होते, एवढं एक कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोकनं घेऊन पूर्वेच्या फाटकावर गेलो तर आत एकही गाडी आली नव्हती. सगळ्या बाहेर रस्त्याच्या कडेला, एकामागं एक, तिरप्या, मधे अंतर सोडून, अगदी भालेरावांनी लावल्यासारख्या. पुढं सरूबाई बसलेली.

"अगं, आत घ्या की गाड्या," शेतकी अधिकारी म्हणाले.

"रेघ कुटं हाय?" ती म्हणाली. "फक्की न्हाई तं गाडी न्हाई."

"अगं, पण ऊस वाळंल."

"वाळू द्या. हात वाळला सायेबाचा, त्याचं काय?"

दुपारपर्यंत पट्ट्यावरचा ऊस संपला. कारखाना पुन्हा एकदा उतरत उतरत गप्प झाला. आप्पासाहेब गोड बोलले, दरडावून बोलले, मुकादमांना उचल बंद करायची धमकी दिली. गाडीवाले बिड्या ओढत बसून राहिले. दिवस कलताना आमच्याच गवंड्यांनी पहारी घातल्या. बगळे पाडताना आवाज फार झाला नाही, आतून पोकळच होते. हौद बुजवला, मुरूम टाकला. मग प्रश्न आला की रेघ कोण ओढणार. शिपाई पुढं झाला, सरूबाई म्हणाली, "ह्याची वाकडी जाती." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी घमेलं घेतलं. माझीही वाकडीच गेली, पण त्यांनी गाड्या आत घेतल्या. मला वाटतं, माझी कीव आली असावी.

कारखाना चालवायचा तर भालेराव हवेत, हे आप्पासाहेबांना दोन दिवसांत कळलं. त्यांनी मला जिपेतून नगरला धाडलं. "हुकूम मागं घेतलाय म्हणावं. मानानं घेऊन या."

भालेराव खाटेवर बसून होते. हात प्लॅस्टरमध्ये. मी सगळं सांगितलं, बगळे पाडल्याचं, सरूबाईचं. ते पहिल्यांदाच मला हसताना दिसले. "वाकडी का होईना, ओढलीस ना," म्हणाले. आणि उठून खिडकीपाशी गेले, उजव्या हातानं सदरा चाचपत, निघायच्या तयारीनं. मग तिथंच थांबले.

"ती जीप कुणाची?"

मी खाली पाहिलं. ड्रायव्हरनं जीप इस्पितळाच्या दारात लावली होती, पायऱ्यांना अगदी खेटून. एका म्हातारीला खाटेवर घालून चौघं आले होते आणि जिपेला वळसा घालायला जागा नाही म्हणून खाट डोक्यावरून उचलून घेत होते. म्हातारी वर कलंडत होती.

"बोरुडे," भालेराव म्हणाले, "आपण त्या जिपेतून आलात का?"

अहोजाहो. मी मान हलवली.

"जीप लावली तेव्हा आपण पुढंच बसला असाल."

मी पुढंच बसलो होतो. पुढं बसायला मिळालं म्हणून खूशही होतो.

"मग मी तिथं येऊन काय करू?" ते म्हणाले. आवाज चढला नाही. "मी काय शिकवलं? फक्की ओढायला? आपण जावं. आणि आधी ती जीप काढावी."

ते आले नाहीत. आप्पासाहेबांनी पुन्हा माणूस पाठवला, तोही रिकामा परतला. आमच्या तळावर पुढं कुणी मेलं नाही. भालेरावांची वाट होती ना. दरवर्षी वार्षिक सभेत आप्पासाहेब अभिमानानं सांगत, "आपला गाडीतळ जिल्ह्यात सर्वांत सुरक्षित." टाळ्या पडत. मी मागं बसून मुठी आवळत असे आणि टाळ्याही वाजवत असे. आवळलेल्या मुठींनी टाळ्या फारशा वाजत नाहीत, एवढाच माझा निषेध.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. हिच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, बेलापूरला. माहेरचं लग्न म्हणजे ही आदल्या दिवसापासूनच बेलापूरची झालेली. तोवर मी स्कूटर घेतली होती. कार्यालयाच्या मैदानात शिरलो तर एक म्हातारा उजव्या हातानं मोटारी, जिपा, वऱ्हाडाचे ट्रॅक्टर झापून जागेला लावत होता. डावा हात कोपरात वाकलेला, पोटाशी धरलेला. मैदानावर फक्कीच्या रेघा. सरळ.

"ओ शहाणे," माझ्यावर ओरडला, "तोंड रस्त्याकडं करून लावा. आग लागली तर मागं सारत बसणार का?"

मी स्कूटर वळवून लावली. उतरलो, टोपी काढली, म्हणालो, "भालेराव, मी बोरुडे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्कूटरच्या चाकाकडं पाहिलं. चाक रेघेच्या आत होतं. "बरं," एवढंच म्हणाले, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवर धावले. मांडवात बँड सुरू झाला होता, अक्षतांची घाई चालली होती. मी आत गेलो.

परतताना वाटेभर मी हिला तेच सांगत होतो. सायकलीचं, जिपेचं, बगळ्यांचं. तिला हे सगळं पाठ होतं. तरी मी सांगितलं की बाई, अजून तोच ताठा, तोच राग, रेघ बघ कशी सरळ, अशी माणसं आता होत नाहीत. ही मागच्या सीटवर होती. घरापाशी उतरली, पदर सावरला, आणि म्हणाली,

"निघताना मी पाहिलं. मांडवाच्या दारात, गाड्यांकडं तोंड करून, उभ्यानं स्वतःचा डबा खात होते ते. आणि तुम्ही दोनदा जिलेबी घेतलीत."